वृषणाचा कर्करोग, पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आणि डॉ. वसंत खानोलकर

ऑपरेशनला आठ-दहा दिवस झाले की घरातले कोणीतरी प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये एक कागद घेऊन माझ्या घाटकोपरच्या दवाखान्यात येते. बहुतेक वेळा वडील असतात, कधी बायको. मुलगा पंचविशी-तिशीतला. वृषणात, म्हणजे बोलीभाषेत गोटीत, न दुखणारी गाठ लागली, सोनोग्राफी झाली, कर्करोगाचा संशय आला आणि ते वृषण काढले. सीटी स्कॅनमध्ये बाकी कुठे काही दिसत नाही. आता पुढे काय, हा प्रश्न असतो.

गोंधळ होतो तो इथेच. एक कॅन्सरतज्ज्ञ सांगतात की आता काही द्यायचे नाही, फक्त नियमित तपासणीला या. दुसरे म्हणतात, केमोथेरपीचा एक डोस घेऊन टाका. आणि मुलुंडचे एखादे नातेवाईक आठवण करून देतात की त्यांच्या ओळखीच्या माणसाला तीस वर्षांपूर्वी पोटावर किरणोपचार दिले होते. घरच्यांना वाटते, तिघांपैकी कोणीतरी नक्की चुकते आहे.

बहुतेक वेळा कोणीच चुकत नसते. काळ बदलला की उपचार बदलतात आणि एकाच काळात दोन रुग्णांचे उपचारही वेगळे असू शकतात. कोणाला काय द्यायचे याचे उत्तर बऱ्याच अंशी त्या फोल्डरमधल्या पॅथॉलॉजीच्या रिपोर्टमध्ये असते. त्याखाली ज्यांची सही असते, त्या डॉक्टरांना तुम्ही कधीच भेटलेले नसता. मुंबईत या न भेटणाऱ्या डॉक्टरांच्या कामाला ज्यांनी वजन मिळवून दिले, त्या डॉ. वसंत रामजी खानोलकर यांची ही ओळख. ती वाचल्यावर हातातला रिपोर्ट थोडा वेगळ्या नजरेने वाचता येईल.

सूक्ष्मदर्शक निवडणारा डॉक्टर

खानोलकर हे आडनाव वेंगुर्ल्याजवळच्या खानोली गावावरून आलेले. वसंतरावांचा जन्म १८९५ चा. वैद्यकीय शिक्षणासाठी ते इंग्लंडला गेले आणि १९२३ मध्ये लंडन विद्यापीठाची पॅथॉलॉजी विषयातली एम.डी. पदवी त्यांनी मिळवली. त्या काळी विलायतेत शिकून आलेल्या डॉक्टराला मुंबईत मोठी प्रॅक्टिस थाटणे अवघड नव्हते. त्यांनी मात्र असा विषय निवडला होता, ज्यात रुग्ण समोर बसत नाही, फी देत नाही आणि बरा झाल्यावर पेढेही आणत नाही.

परत आल्यावर त्यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात आणि परळच्या सेठ गोर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजात पॅथॉलॉजी शिकवली. पॅथॉलॉजी म्हणजे आजार शरीराच्या पेशींत नेमके काय करतो याचा अभ्यास. शरीरातून काढलेला तुकडा फॉर्मेलिनमध्ये टिकवायचा, मेणात बसवायचा, त्याचे केसापेक्षा पातळ काप काढायचे, रंग द्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. आज मुंबईच्या कुठल्याही उपनगरातून तुकडा लॅबमध्ये गेला तरी त्याचा प्रवास थोड्याफार फरकाने असाच होतो.

परळ, १९४१

लेडी मेहरबाई टाटा यांचे १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ टाटा ट्रस्टने परळला कर्करोगाचे रुग्णालय उभारले. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झाले आणि त्याच वर्षी खानोलकर तिथे प्रयोगशाळा आणि संशोधन विभागाचे संचालक म्हणून रुजू झाले.

कर्करोगाच्या रुग्णालयात सर्जन हवेत, किरणोपचाराची यंत्रे हवीत हे सगळ्यांना पटते. पण सूक्ष्मदर्शकावर बसणाऱ्या माणसाला पहिल्या दिवसापासून मानाचे स्थान मिळणे ही तेव्हा साधी गोष्ट नव्हती. आज आपण बायोप्सीच्या रिपोर्टशिवाय कर्करोगाचा उपचार सुरू करत नाही, तो याच विचारामुळे. गाठ हाताला लागते, स्कॅनमध्ये दिसते, पण तिची जात पेशी पाहिल्याशिवाय कळत नाही.

खानोलकर काचपट्टीवर थांबले नाहीत. काचपट्टीवरचा कर्करोग ज्या माणसाचा आहे तो कसा राहतो, काय खातो, काय नेसतो, हेही ते विचारत. १९४४ मध्ये त्यांनी मुंबईतल्या तोंडाच्या कर्करोगाच्या सलग १,००० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. १९४५ मध्ये सूर्याबाई या सहकाऱ्यासोबत त्यांनी भारतीय सवयींशी जोडलेले कर्करोगाचे तीन प्रकार जगापुढे मांडले. धोतर वर्षानुवर्षे घट्ट बांधल्याने कमरेच्या त्वचेवर होणारा, तंबाखू-चुन्याची खैनी ओठाआड ठेवल्याने तिथे होणारा आणि चुट्टा पेटते टोक तोंडात धरून ओढल्याने टाळूला होणारा. गुटखा आणि मावा खाणाऱ्यांना आज आम्ही जे बजावतो, त्याचा पाया अशा कामात आहे.

१९५२ मध्ये परळलाच इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर सुरू झाले, त्याचे संस्थापक संचालक खानोलकर होते. पेशीजीवशास्त्रात मोठे काम केलेल्या पुण्याच्या डॉ. कमल रणदिवे यांनी पीएच.डी. त्यांच्याच मार्गदर्शनाखाली केली. कुष्ठरोगाच्या अगदी सुरुवातीच्या अवस्थेत ऊतींमध्ये काय बदल होतात, यावरही खानोलकरांनी काम केले. पुढे ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले, राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक झाले, पद्मभूषण झाले. १९६६ मध्ये त्यांची संशोधन संस्था आणि रुग्णालय मिळून टाटा मेमोरियल सेंटर झाले. ती संस्था आता खारघरला आहे आणि तिथल्या संशोधन इमारतीला खानोलकर शोधिका हे नाव आहे. त्या आवारात उपचारासाठी गेलेल्या अनेकांनी ही पाटी वाचली असेल.

त्या काळी वृषणाच्या कर्करोगाचे काय व्हायचे?

खानोलकर वृषणाच्या कर्करोगाचे खास तज्ज्ञ नव्हते. हा आजार आपल्याकडे युरोपच्या मानाने कमी दिसतो. पण त्यांच्या कारकिर्दीच्या काळात या आजाराची जी अवस्था होती, ती समजून घेण्यासारखी आहे.

गाठ असलेले वृषण काढायचे, हे तेव्हाही ठरलेले होते. वृषणाच्या कर्करोगाच्या एका प्रकाराला सेमिनोमा हे नाव १९०६ मध्येच मिळाले होते. १९४६ मध्ये अमेरिकेतल्या लष्करी पॅथॉलॉजिस्टांनी वृषणाच्या ९२२ गाठींचा अभ्यास प्रसिद्ध केला. अशा कामातून दोन मोठे गट स्पष्ट होत गेले. एक सेमिनोमा. दुसरा नॉन-सेमिनोमा, ज्यात अनेक प्रकारच्या पेशी मिसळलेल्या असतात. सेमिनोमा किरणांना चांगला दाद देतो, नॉन-सेमिनोमा तितका देत नाही. म्हणजे उपचाराचा पहिला फाटा सूक्ष्मदर्शकानेच दाखवला होता.

पण पुढचा रस्ता कठीण होता. आजार वृषणापुरताच वाटला तरी पोटातल्या लसिका ग्रंथींत न दिसणाऱ्या पेशी गेल्या असतील ही भीती असे. सीटी स्कॅन नव्हता. आजार पुढे पसरला तर खात्रीने वाचवणारे औषध नव्हते. म्हणून सेमिनोमाच्या जवळजवळ प्रत्येक रुग्णाच्या पोटावर किरण दिले जात. नॉन-सेमिनोमात अनेक ठिकाणी पोट उघडून पाठीच्या कण्यालगतच्या ग्रंथी काढण्याचे मोठे ऑपरेशन होई. यातल्या बऱ्याच तरुणांना खरे तर वृषण काढल्यानंतर काहीच लागले नसते. पण ते कोण, हे ओळखता येत नव्हते आणि चूक झाली तर ती सुधारण्याची सोय नव्हती. त्या डॉक्टरांनी जास्त उपचार दिले ते निष्काळजीपणाने नव्हे, नाइलाजाने.

किरणांची दुसरी बाजू

१९५५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी अणुकिरणांच्या परिणामांचा अभ्यास करण्यासाठी शास्त्रीय समिती नेमली. तिच्यात भारताचे प्रतिनिधी म्हणून खानोलकर होते. किरण कर्करोग मारतात आणि तेच किरण वर्षांनंतर नवा कर्करोग निर्माणही करू शकतात, हे जगाला आकड्यांत कळू लागण्याचा तो काळ.

सेमिनोमाचा रुग्ण साधारण तिशी-पस्तिशीचा असतो. तो बरा होतो आणि पुढे चाळीस-पन्नास वर्षे जगतो. एवढ्या काळात पोटावरच्या किरणांचा हिशेब पुढे येतो. अशा रुग्णांमध्ये उतारवयात दुसरे कर्करोग आणि हृदयविकार यांचे प्रमाण वाढलेले दिसले. म्हणूनच पहिल्या टप्प्यातल्या सेमिनोमासाठी किरणोपचार आता सहसा दिले जात नाहीत. मुलुंडच्या त्या नातेवाइकांच्या ओळखीच्या माणसाला मिळालेला उपचार त्या काळचा योग्य उपचार होता. आज तुमच्या मुलाला तो दिला नाही, म्हणजे काही कमी पडले असे नाही.

१९७८: एका वर्षातले वळण

खानोलकरांचे निधन ऑक्टोबर १९७८ मध्ये झाले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेत सिसप्लॅटिन या औषधाला मान्यता मिळाली. प्लॅटिनम धातूपासून बनलेले हे औषध. १९६० च्या दशकात बार्नेट रोझेनबर्ग हे शास्त्रज्ञ जिवाणूंवर विजेचा परिणाम पाहत होते. जिवाणूंची वाढ विजेमुळे नव्हे, तर विजेच्या पट्ट्यांतून सुटणाऱ्या प्लॅटिनममुळे थांबते, हे त्यांच्या लक्षात आले आणि त्यातून या औषधाचा गुण सापडला. १९७४ पासून अमेरिकेतल्या इंडियानात डॉ. लॉरेन्स आइनहॉर्न यांनी ते इतर औषधांबरोबर वृषणाच्या पसरलेल्या कर्करोगात वापरले. पूर्वी जे तरुण वर्षभरात जात, त्यांतले बहुसंख्य बरे होऊ लागले. आपल्या युवराज सिंगला छातीत याच कुळातली गाठ झाली, तेव्हा २०१२ मध्ये त्याचे उपचार इंडियानात झाले आणि त्याच वर्षी तो पुन्हा भारताकडून खेळला.

पसरलेला आजार बरा करता येतो म्हटल्यावर पहिल्या टप्प्यातल्या आजाराचा विचारच बदलला. गरज नसताना सगळ्यांना उपचार देण्यापेक्षा वृषण काढून बारीक लक्ष ठेवावे आणि ज्यांच्यात आजार परत येईल त्यांनाच औषध द्यावे, असा विचार पुढे आला. लंडनच्या रॉयल मार्सडेन रुग्णालयात १९७९ पासून हे पद्धतशीरपणे सुरू झाले. यालाच सर्व्हेलन्स म्हणतात. त्यानंतरच्या चार-साडेचार दशकांत प्रवास एकाच दिशेने झाला आहे: बरे होण्याचे प्रमाण कमी न होऊ देता उपचार कमी करत जायचे.

आज पहिल्या टप्प्यात काय केले जाते?

पहिला टप्पा म्हणजे वृषण काढल्यावर स्कॅनमध्ये इतरत्र आजार नाही आणि एएफपी, बीटा एचसीजी, एलडीएच या रक्तातल्या खुणा नॉर्मलला आल्या आहेत. अशा १०० रुग्णांपैकी ९९ च्या आसपास रुग्ण, कोणताही योग्य मार्ग निवडला तरी, या आजारातून वाचतात. म्हणून निवड जगण्या-मरण्याची नसते. कोणता त्रास आता घ्यायचा आणि कोणता कदाचित नंतर, याची ती निवड असते.

सेमिनोमा असेल तर फक्त लक्ष ठेवल्यास १०० पैकी साधारण १५ ते २० जणांत आजार परत येतो. बाकीच्यांना पुढे काहीच लागत नाही. कार्बोप्लॅटिनचा एक डोस घेतल्यास परत येण्याचे प्रमाण ५ च्या आसपास येते, पण मग अनेकांनी गरज नसताना औषध घेतलेले असते.

नॉन-सेमिनोमात रिपोर्टमधली एक ओळ फार महत्त्वाची आहे. गाठीच्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत किंवा लसिका वाहिन्यांत शिरल्या आहेत का? रिपोर्टमध्ये हे लिम्फोव्हॅस्क्युलर इन्व्हेजन किंवा एलव्हीआय या नावाने असते. शिरल्या नसतील तर आजार परत येण्याची शक्यता १०० त सुमारे १५, शिरल्या असतील तर सुमारे ५०. पहिल्या गटात बहुधा लक्ष ठेवणे पुरते. दुसऱ्या गटात बीईपी या केमोथेरपीचे एक चक्र देण्याचा विचार होतो, पण तिथेही नीट समजावून सर्व्हेलन्स निवडता येते. पोटातल्या ग्रंथी काढण्याचे ऑपरेशन आजही निवडक रुग्णांत, ते सतत करणाऱ्या हातांकडून केले जाते.

एका न भेटलेल्या डॉक्टराने वाचलेली ती एक ओळ. तिच्यावर तुमच्या मुलाचे पुढचे तीन महिने ठरतात.

एका फोल्डरची गोष्ट

एक अनुभव सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. उपनगरातल्या एका तरुणाचे वृषण काढले. रिपोर्टमध्ये सेमिनोमा लिहिले होते. कार्बोप्लॅटिनचा एक डोस ठरला होता, तारीखही मिळाली होती. वडील माझ्याकडे आले ते रक्तदाबाच्या गोळ्या लिहून घ्यायला. जाता जाता फोल्डर दाखवला.

मी कॅन्सरतज्ज्ञ नाही, फॅमिली डॉक्टर आहे. पण ऑपरेशनपूर्वीच्या रक्ततपासणीत एएफपी बरेच वाढलेले होते. शुद्ध सेमिनोमा एएफपी बनवत नाही. दोन कागद एकमेकांशी जुळत नव्हते. मी त्यांना डोस थोडा थांबवायला आणि लॅबमधून मेणाचे ठोकळे, म्हणजे पॅराफिन ब्लॉक, घेऊन मोठ्या कर्करोग केंद्रात पुन्हा वाचून घ्यायला सांगितले. गाठीच्या इतर भागांचे काप काढल्यावर एका कोपऱ्यात नॉन-सेमिनोमाच्या पेशी सापडल्या. उपचाराची योजना बदलली. तो मुलगा आज ठीक आहे.

इथे मला कोणाला दोष द्यायचा नाही. मोठ्या गाठीतून निवडलेल्या काही कापांत एखादा छोटा भाग सुटू शकतो. पण सूक्ष्मदर्शकात जे दिसते आणि रुग्णात जे दिसते ते जुळले पाहिजे. धोतराची गाठ आणि कमरेवरची जखम यांचा मेळ घालणाऱ्या खानोलकरांनी हेच केले होते.

तुम्ही काय करायचे?

* वृषणात न दुखणारी गाठ किंवा जडपणा जाणवला तर लाजून थांबू नका. पंधरा ते चाळीस वयात हा आजार जास्त दिसतो. वृषण लहानपणी खाली उतरले नसेल तर धोका अधिक असतो. सोनोग्राफी स्वस्त आहे, लवकर होते आणि दुखत नाही.
* कर्करोगाचा संशय असेल तर वृषणात सुई घालून तुकडा काढत नाहीत. जांघेतून छेद घेऊन पूर्ण वृषण काढतात. हायड्रोसील समजून ऑपरेशन करण्यापूर्वी सोनोग्राफी झाली आहे ना, हे विचारा.
* एएफपी, बीटा एचसीजी आणि एलडीएच ऑपरेशनच्या आधी तपासून घ्या. नंतरच्या तुलनेसाठी ते आकडे लागतात.
* काढलेले वृषण पूर्णपणे लॅबमध्ये जाईल याची खात्री करा. कधीकधी बरणी नातेवाइकांच्या हाती दिली जाते. ती त्याच दिवशी पोहोचवा आणि पावती जपा.
* रिपोर्टमध्ये प्रकार, आकार आणि एलव्हीआयचा उल्लेख आहे का, ते पाहा. नसेल तर विचारायला संकोच करू नका. ब्लॉक मागण्याचा आणि दुसरे मत घेण्याचा तुम्हाला हक्क आहे.
* मूल हवे असेल तर केमोथेरपीपूर्वी, शक्यतो ऑपरेशनपूर्वीच, वीर्य साठवून ठेवण्याबद्दल बोला. उरलेले वृषण निरोगी असेल तर बहुतेकांचे लैंगिक जीवन आणि हार्मोन नीट राहतात.

शेवटची गोष्ट सर्वात महत्त्वाची. सर्व्हेलन्स म्हणजे काही न करणे नव्हे. पहिल्या वर्षी दर महिना-दोन महिन्यांनी रक्ततपासणी असू शकते, ठरावीक अंतराने स्कॅन असतात आणि हे काही वर्षे चालते. आजार परत येतो तो बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन वर्षांत. वेळेवर सापडला तर तो जवळजवळ नेहमीच बरा होतो. पण तिशीचा मुलगा बरा वाटू लागला की नोकरी बदलतो, बंगळुरूला जातो, लग्न ठरते आणि तपासणीची तारीख मागे पडते. कमी उपचाराची ही मोकळीक तो परत येईल या भरवशावर दिलेली असते. घरातल्या एकाने त्या तारखा आपल्या फोनमध्ये टाकून ठेवाव्यात.

खानोलकरांच्या हयातीत अशा तरुणांना जास्त उपचार सोसावे लागले, कारण चूक झाली तर ती निस्तरणारे औषध नव्हते. आज औषध आहे, स्कॅन आहे आणि रिपोर्ट नीट वाचणारी माणसे मुंबईत आहेत. तारखेला हजर राहणे एवढे मात्र आपल्याकडेच आहे.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमच्या उपचाराचा निर्णय तुमच्या कॅन्सरतज्ज्ञांशी बोलूनच घ्या.)